ग्लुटेन सोडल्यावरचे पहिले तीन महिने : पोटाला कसं सांभाळायचं

नवव्या दिवशी रात्री मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होते. एका हाताने गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरलेली आणि दुसऱ्या हातात 'ग्लुटेन-फ्री' लिहिलेल्या ब्रेडचं पाकीट. नऊ दिवसांत गव्हाचा कणही पोटात गेला नव्हता. तरी पोट तट्ट फुगलेलं, दोन दिवस शौचाला झालेलं नाही आणि डोकं जड. गहू सोडण्याआधी मला जुलाबांचा त्रास होता, आता सगळं उलट सुरू झालं होतं. मला सिलियाक आजाराचं निदान झालं होतं. यात गहू, जव आणि राय या धान्यांतलं ग्लुटेन नावाचं प्रथिन आतड्याला बाधतं, म्हणून ते आयुष्यभर टाळायचं असतं. आपलं ते निदानच चुकलंय, असं मला त्या रात्री मनापासून वाटलं.

पाकिटावरची घटकांची यादी मी तीनदा वाचली. तांदळाचं पीठ, टॅपिओका स्टार्च, बटाट्याचा स्टार्च, इन्युलिन, झँथन गम, साखर, यीस्ट, मीठ. ग्लुटेन कुठेच नव्हतं, म्हणून मी ते पाकीट निर्दोष ठरवून परत डब्यात ठेवलं आणि सकाळी त्यातल्या दोन स्लाइस खाल्ल्या. दुखण्याचं कारण त्याच यादीत होतं. ते कळायला मला आणखी तीन आठवडे लागले. तुमचे ते तीन आठवडे वाचावेत, म्हणून हे लिहिते आहे.

मी हिशेब तपासण्याचं काम करते. आकडा जुळला नाही की नोंदीत मागे जायचं आणि एकेक रक्कम पडताळायची, ही माझी रोजची सवय. पोटाच्या बाबतीत शेवटी हीच सवय कामी आली. मी डॉक्टर नाही. औषधाचा आणि तपासण्यांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण रोज ताटात काय घ्यायचं आणि रात्री पोट फुगलं तर कुठे शोधायचं, हे मी स्वतः चुकत चुकत शिकले आहे.

तपासणी झाली नसेल तर गहू सोडू नका

हे ऐकून दचकायला होतं, पण सगळ्यात आधी हेच. सिलियाक आजाराची पहिली रक्ततपासणी म्हणजे टीटीजी-आयजीए. या आजारात रक्तात वाढणारी प्रतिपिंडं (अँटीबॉडी) ती मोजते, आणि आयजीए हा प्रतिपिंडांचा एक प्रकार. तिच्यासोबत एकूण आयजीए किती आहे तेही पाहतात, कारण काहींच्या शरीरात आयजीए मुळातच कमी असतं आणि मग पहिली तपासणी फसवते. त्यानंतर बहुतेकदा एंडोस्कोपी करून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातले बारीक तुकडे तपासतात. या दोन्ही तपासण्या पोटात ग्लुटेन जात असेल तरच खरं बोलतात. आधीच सोडलंत तर आजार असूनही अहवाल स्वच्छ येऊ शकतो.

माझ्या धाकट्या बहिणीचं नेमकं हेच झालं. माझं निदान ऐकून तिने दुसऱ्या दिवशी गहू सोडला आणि दोन महिन्यांनी तपासणीला गेली. तिच्या डॉक्टरांनी तिला सहा आठवडे पुन्हा रोज गहू खायला लावला. ते सहा आठवडे तिने कसे काढले ते मी पाहिलंय. सख्ख्या नात्यात आई-वडील, भावंडं, मुलं यांना हा आजार असण्याची शक्यता साधारण दहात एक असते. एकूण लोकसंख्येत ती शंभरात एक. म्हणून घरातल्यांनी तपासून घ्यावंच, पण जेवण न बदलता.

तपासणी का महत्त्वाची याचं आणखी एक कारण. गव्हात ग्लुटेनखेरीज फ्रुक्टान नावाची एक शर्करा असते. ती आतड्यात आंबते आणि काहींना तीच बाधते. अशा माणसाला गहू सोडून बरं वाटतं, पण त्याला ब्रेडच्या कणाकणाला जपायची गरज नसते. गव्हाची अ‍ॅलर्जी हा तिसराच प्रकार. आयुष्यभर पाळायचं पथ्य अंदाजावर स्वीकारू नका.

आत काय चाललेलं असतं

लहान आतड्याचं अस्तर मखमलीसारखं असतं. त्यावर बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात, त्यांना व्हिलाय म्हणतात. अन्नातलं सत्त्व तिथे शोषलं जातं. सिलियाकमध्ये ग्लुटेन आलं की शरीराची प्रतिकारयंत्रणा याच अस्तरावर उलटते आणि उंचवटे झिजून सपाट होतात. लोह, फोलेट, कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. माझं हिमोग्लोबिन ८.४ वर आलं होतं. चार वर्षं लोहाच्या गोळ्या खाऊनही ते का चढत नाही, हे कुणाला उमगत नव्हतं.

ग्लुटेन थांबलं की हल्ला थांबतो, पण मखमल एका आठवड्यात उगवत नाही. पुष्कळांना काही दिवसांत ते काही आठवड्यांत बरं वाटू लागतं. अस्तर भरून यायला मात्र महिने लागतात, मोठ्या माणसांत दोन वर्षं किंवा त्याहूनही जास्त. मुलांचं लवकर भरतं. म्हणजे पहिल्या तीन महिन्यांत तुमच्या पोटात एक जखम आहे आणि त्याच पोटाला तुम्ही रोज नवं, अनोळखी अन्न देता आहात. फुगणं, कळा, बद्धकोष्ठ यांचा उगम बहुतेक वेळा इथे असतो. आहार चुकल्याचा तो पुरावा नसतो.

या आहाराचा इतिहास मला फार धीर देऊन गेला. गव्हाशी या आजाराचा संबंध जोडला तो नेदरलँड्समधल्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाने. त्यांना युद्धाआधीपासून संशय होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात तिथे ब्रेड मिळेनासा झाला, तेव्हा ही आजारी मुलं सुधारली आणि ब्रेड परत आल्यावर पुन्हा ढासळली. त्याच्याही आधी, १९२४मध्ये, अमेरिकेत सिडनी हास यांनी अशा मुलांना केळ्यांचा आहार दिला होता. गुण केळ्यांचा आहे असं तेव्हा वाटलं. खरं तर त्या आहारात गहू नव्हता, म्हणून गुण आला. या मुलांना कुणी खास ब्रेड दिला नव्हता, खास बिस्किटं दिली नव्हती. नवव्या दिवशी रात्री हे मला माहीत असतं तर ते पाकीट मी डब्यात परत ठेवलं नसतं.

पहिले सहा आठवडे साधं खा

माझं सगळ्यात ठाम सांगणं हेच. 'ग्लुटेन-फ्री' असा शिक्का मारलेल्या ब्रेड, बिस्किट, केक, पास्त्यापासून सुरुवातीला लांब राहा. ज्या अन्नात मुळातच ग्लुटेन नसतं, ते खा. तांदूळ, बटाटा, रताळं, मका, अंडी, मासे, चिकन, मऊ शिजवलेली मुगाची किंवा मसुराची डाळ, शिजवलेल्या भाज्या, केळी, पपई, दही चालत असेल तर दही. ज्वारी, बाजरी, नाचणी, राजगिरा, किनवा, कुट्टू ही धान्यंही मुळात ग्लुटेनरहित आहेत. पण ती भरड असतात, म्हणून पहिल्या पंधरवड्यात थोडी थोडी.

ग्लुटेन पिठाला चिवटपणा देतं. ते काढल्यावर ब्रेड फुलावा, तुटू नये म्हणून कंपन्या त्यात स्टार्च, डिंकासारखे घट्टपणा आणणारे पदार्थ आणि कधी कधी इन्युलिनसारखे तंतू घालतात. ते बेकायदा नाही, वाईटही नाही. निरोगी पोट ते पचवतं. जखमी पोटात इन्युलिन आंबलं की मात्र वायू धरतो. माझ्या त्या पाकिटात दोन स्लाइसमागे किती इन्युलिन होतं ते मला कधी कळलं नाही. पण पाकीट बंद केल्यावर पाचव्या दिवशी माझ्या पँटचं बटण न ओढता लागलं.

हे मला सापडलं ते वहीमुळे. साधी रेघी वही, एका दिवसाला एक पान, चार रकाने : वेळ, काय खाल्लं, पोट कसं, शौच कसं. एकोणिसाव्या दिवसाचं पान अजून माझ्याकडे आहे. सकाळी सात : ब्रेड २, जॅम, चहा. दहा : फुगलं. एक : भात, डाळ, दुधी. तीन : ठीक. पाच : ग्लुटेन-फ्री बिस्किटं ४. साडेसात : फुगलं, कळ. रात्री नऊ : भात, अंडं. अकरा : ठीक. त्या पानावर नंतर मी लाल पेनाने दोन 'फुगलं'भोवती गोल केले आहेत. दोन्हींच्या आधी पाकिटातलं अन्न आहे, आणि भाताच्या दोन्ही जेवणांनंतर पोट शांत आहे. असे सात दिवस सलग मिळाले तेव्हा माझी खात्री झाली.

वहीचा एकच नियम पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि निदान चार-पाच दिवस थांबा. सोमवारी दूध बंद, मंगळवारी कांदा बंद, बुधवारी प्रोबायोटिक सुरू असं केलंत तर कशाने बरं वाटलं ते कधीच कळणार नाही, आणि विनाकारण दहा पदार्थ आयुष्यातून जातील.

तक्रार ओळखा, मग उपाय

फुगत असेल तर आधी पाकिटातलं अन्न आणि मग साखरेऐवजी वापरलेली गोडवणं तपासा. सॉर्बिटॉल, झायलिटॉल, माल्टिटॉल ही नावं बिनसाखरेच्या गोळ्यांवर आणि च्युइंगमवर दिसतात. ती वायू करतात, जुलाबही करतात. मग कांदा-लसूण. त्यांतही फ्रुक्टान असतात, म्हणून दहा दिवस कमी करून बघा. कायमचे बंद करू नका. राजमा, छोले, चवळी पहिल्या महिन्यात नकोतच. नंतर रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, अगदी मऊ शिजवून दोन चमच्यांपासून सुरुवात करा. फसफसणारी पेयं टाळा. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच लहान करा. जेवल्यावर पंधरा मिनिटं सावकाश चालणं हा उपाय मला कुठल्याही चूर्णापेक्षा जास्त लागू पडला.

बद्धकोष्ठाबद्दल जरा जास्त लिहिते, कारण याविषयी मला आधी कुणीच सावध केलं नव्हतं. गव्हाबरोबर आपल्या जेवणातला मोठा कोंडा निघून जातो आणि त्याची जागा पांढरा भात आणि स्टार्च घेतात. तंतू एकदम घटतात. त्यात लोहाच्या गोळ्या सुरू असतील तर त्याही कोठा धरतात. माझ्या बाबतीत अर्धा दोष त्यांचा होता. डॉक्टरांना वही दाखवल्यावर त्यांनी गोळी दिवसाआड करून दिली. स्वतःहून बंद करू नका, त्यांना विचारा.

मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम तंतू हवेत. पण तिथे पोचायला घाई करू नका, नाहीतर पुन्हा फुगेल. मी सकाळी एक पिकलेलं केळं आणि रात्री पपई यांपासून सुरुवात केली. मग जेवणात एक शिजवलेली भाजी वाढवली आणि तिसऱ्या आठवड्यात इसबगोल घेतलं. अर्धा चमचा इसबगोल एका भरल्या ग्लास पाण्यात ढवळायचं आणि लगेच प्यायचं, वर आणखी अर्धा ग्लास पाणी. ढवळून ठेवलं की त्याची खळ होते आणि गिळताना अडकते. कमी पाण्यात घेतलं तर कोठा आणखी घट्ट होतो. दर चार-पाच दिवसांनी अर्धा चमचा वाढवत मी दीड चमच्यावर थांबले. इतर औषधं आणि इसबगोल यांत निदान दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही. थायरॉइड आणि लोहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

जुलाब थांबत नसतील तर दुधाकडे बघा. दुधातली शर्करा, लॅक्टोज, पचवणारं विकर त्याच उंचवट्यांच्या टोकांवर तयार होतं. टोकं झिजली की दूध पचत नाही. जन्मभर दूध पचवलेल्या माणसाचंही असं होतं. दोन आठवडे दूध, आइस्क्रीम, खवा पूर्ण थांबवा. फरक पडला तर कारण मिळालं. दह्यात आणि घट्ट जुन्या चीजमध्ये लॅक्टोज कमी असतं, म्हणून ती बऱ्याचदा चालतात. अस्तर भरून आलं की बहुतेकांना दूध परत चालतं. मी चौथ्या महिन्यात पाव कपाने सुरू केलं आणि सातव्या महिन्यात पूर्ण ग्लासवर आले. तोपर्यंत कॅल्शियम कुठून मिळणार हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. या आजारात हाडं आधीच कमजोर झालेली असू शकतात.

थकवा, चिडचिड, डोकेदुखी यांना 'ग्लुटेनचं व्यसन सुटताना होणारा त्रास' म्हणणारे भेटतील. त्या मताला ठोस आधार नाही. मी वहीतून एका रविवारची बेरीज केली तेव्हा दिसलं की मी दिवसभरात दोन वाट्या भात, एक अंडं आणि चहा एवढंच घेतलं होतं. चुकीचं काही पोटात जाईल या भीतीने मी जेवतच नव्हते. त्या आठवड्यात मी प्रत्येक जेवणाला एक चमचा तेल किंवा तूप आणि एक अंडं किंवा वाटीभर डाळ वाढवली. चार दिवसांत डोकं उतरलं. याउलट काहींची भूक अचानक उघडते आणि वजन वाढतं. अन्न पुन्हा शोषलं जाऊ लागल्याचं ते लक्षण असतं.

कण कुठून येतात

आता हिशेब. दिवसाला ५० मिलिग्रॅम ग्लुटेन काही महिने पोटात जात राहिलं तर सिलियाक असलेल्याचं अस्तर बिघडतं. १० मिलिग्रॅमपर्यंत बहुतेकांना धोका नसतो. ब्रेडच्या एका साध्या स्लाइसमध्ये ग्लुटेन साधारण २ ग्रॅम, म्हणजे २००० मिलिग्रॅम. तिचा चाळिसावा भाग म्हणजे ५० मिलिग्रॅम. तो तुकडा नखावर मावतो. 'ग्लुटेन-फ्री' लिहायची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे. म्हणजे असं अन्न दिवसात अर्धा किलो खाल्लं आणि ते अगदी मर्यादेवर असलं, तरी पोटात १० मिलिग्रॅमच जातं.

हे गणित समोर असताना मी एका सकाळी जॅमची बाटली उजेडात धरली. लाल जॅममध्ये ब्रेडचे सहा-सात करडे कण रुतलेले होते. मुलगी रोज ब्रेडवर जॅम लावून सुरी परत बाटलीत घालत होती, आणि मी त्याच बाटलीतून घेत होते. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "आई, हे माझ्यामुळे झालं का गं?" मी तिला जवळ घेतलं. त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून जॅम, लोणी आणि मधाच्या दोन-दोन बाटल्या केल्या आणि माझ्या झाकणांवर तिने हिरव्या रंगाची टिकली चिकटवली. घरातल्या माणसांना गुन्हेगार करू नका. वस्तू वेगळ्या करा, तेवढं पुरतं.

कोणत्या वस्तू? टोस्टर, पिठाची चाळण, लाकडी पोळपाट-लाटणं, लाकडी चमचे, चरे पडलेला प्लास्टिकचा कापायचा बोर्ड आणि भांडी घासायचा स्पंज. यांत पीठ अडकून राहतं. स्टील, काच, चिनी मातीची भांडी साबणाने आणि पाण्याने नीट धुतली की पुरे. तापवून ग्लुटेन मरत नाही, तो जंतू नाही. त्यामुळे ज्या तेलात गव्हाच्या पिठाचं काही तळलं, ते तेल कितीही उकळलं तरी तुमच्यासाठी नाही. पास्ता उकळलेल्या पाण्याचंही तेच. कोरडं पीठ हवेत उडतं आणि तासन्‌तास खाली बसत राहतं, म्हणून घरात गव्हाचं पीठ मळायचं असेल तर तुमचं अन्न आधी शिजवून झाकून ठेवा.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे पीठ. ज्वारी किंवा नाचणी निर्दोष असते, पण ती गहू दळलेल्या यंत्रावर दळली की पिठात गहू उतरतो. धान्य आणून निवडून, धुऊन, वाळवून घरीच दळता आलं तर उत्तम. नाहीतर ग्लुटेनची तपासणी केलेलं पीठच घ्या. ओट्सचंही असंच. शेतात आणि गोदामात त्यांत गहू-जव मिसळलेले असतात. शुद्ध, प्रमाणित ओट्स बहुतेक सिलियाक रुग्णांना चालतात, थोड्यांना तेही बाधतात. पहिले काही महिने ओट्स नकोत. पोट शांत झाल्यावर, डॉक्टरांना सांगून, थोडे घेऊन बघा.

पाकिटावर वाचताना गहू, जव म्हणजे बार्ली, आणि राय या तीन नावांपाशी थांबा. रवा, मैदा, कुसकुस, बुलगूर, स्पेल्ट, ट्रिटिकेल आणि सेइतान (गव्हाच्या ग्लुटेनपासून केलेला मांसासारखा पदार्थ) ही याच कुळातली. माल्ट आणि माल्टचा अर्क जवाचा असतो, तो कॉर्नफ्लेक्समध्ये आणि पौष्टिक पेयांच्या पावडरीत सापडतो. साध्या सोया सॉसमध्ये गहू असतो. बिअर जवाची. सूप, ग्रेव्ही, तयार मसाले, सॉसेज यांत दाटपणासाठी पीठ घातलेलं असू शकतं. 'गहू नाही' म्हणजे 'ग्लुटेन नाही' असं नव्हे, त्यात जव असू शकतो. माल्टोडेक्स्ट्रिनचं नाव माल्टसारखं असलं तरी त्याला घाबरायचं कारण नाही. औषधांच्या गोळ्यांत स्टार्च कशाचा आहे, ते औषध घेताना विचारा.

सहा आठवड्यांनी पीठ मळायचं तर

पोट स्थिरावलं की ब्रेडसारखं काहीतरी चावावंसं वाटतं. ते घरी करा, म्हणजे आत काय आहे ते तुम्हाला माहीत असेल. १० ग्रॅम इसबगोल २०० मिली कोमट पाण्यात घालून पाच मिनिटं ठेवा. त्याची थलथलीत खळ होईल. ती १७५ ग्रॅम पिठात (मी निम्मं तांदळाचं आणि निम्मं ज्वारीचं घेते) थोडं मीठ आणि एक चमचा तेल घालून मिसळा. सुरुवातीला हाताला चिकटेल आणि हे काही जमत नाही असं वाटेल. जास्त पीठ घालू नका. झाकून अर्धा तास ठेवा. पीठ पाणी पिऊन घेतं, मग गोळा ओढला तर तुटत नाही, किंचित लांबतो. हाताला तेल लावून कागदावर थापा आणि तव्यावर भाजा. पीठ वजनावरच मोजा, कारण प्रत्येक पिठाची वाटी वेगळी भरते. पहिल्या दिवशी एकच खा. यात इसबगोल आहे, म्हणून वर पाणी हवंच.

चुकून पोटात गेलं तर

जाईलच कधीतरी. मला अकराव्या आठवड्यात एका समारंभात गेलं. भाताचाच पदार्थ होता, पण वाढणाऱ्याने तोच डाव आधी रव्याच्या भांड्यात घातला होता. दीड तासात मला उलटी झाली. काहींना लगेच होतं, काहींना दुसऱ्या दिवशी. त्रास बहुधा काही तास ते काही दिवस टिकतो. यावर उतारा नाही. ग्लुटेन पचवणाऱ्या म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांवर विसंबून गहू खाऊ नका. उलटी-जुलाब झाले तर क्षारसंजीवनीचं (ओआरएस) पाकीट, नाहीतर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ, घोट घोट घ्या. माप नेमकंच ठेवा, मीठ वाढवू नका. मग मऊ भात, केळं, उकडलेला बटाटा. एक दिवस दूध नको. उपाशी राहून 'पोट स्वच्छ' करायला जाऊ नका. वहीत कुठे, कधी, काय ते लिहा आणि पुढच्या जेवणापासून पथ्य पुन्हा सुरू करा. एका चुकीने महिन्यांची कमाई वाहून जात नाही. रोजच्या बारीक चुकांनी जाते.

बाहेर जेवताना मी आता 'ग्लुटेन' हा शब्द कमी वापरते. पुष्कळांना तो कळत नाही आणि ते नुसती मान डोलावतात. मी आधी फोन करून तीन गोष्टी विचारते : यात गव्हाचं कुठलंही पीठ आहे का, हे त्याच तेलात तळता का, वाढायचा चमचा वेगळा ठेवाल का. पिशवीत उकडलेलं अंडं, शेंगदाणे आणि केळं असतंच. नवऱ्याने माझ्याइतकाच या प्रश्नांचा सराव केलाय, त्यामुळे मी थकले असले तर तोच बोलतो. घरात असं एक तरी माणूस तयार करा.

डॉक्टरांकडे कधी

शौचातून रक्त, ताप, न थांबणारी उलटी, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, उतरत राहणारं वजन, पायांवर सूज, हातापायांना मुंग्या यांतलं काही असेल तर वहीत लिहून वाट बघत बसू नका, त्याच दिवशी विचारा. काळं शौच लोहाच्या गोळ्यांनीही होतं, पण डांबरासारखं चिकट आणि दुर्गंधी असेल तर ते दाखवा. निदानाच्या वेळी वजन फारच उतरलेलं असेल तर आहार पहिल्या दिवसापासून तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच वाढवावा लागतो.

नेमाने पथ्य पाळूनही सहा महिन्यांनी त्रास तसाच असेल तर आधी लपलेलं ग्लुटेन शोधा. बहुतेकदा तेच निघतं. ते नसेल तर लॅक्टोज, आतड्यात वाढलेले जिवाणू, स्वादुपिंडाची विकरं कमी पडणं, मोठ्या आतड्याची सूक्ष्म सूज, थायरॉइड अशी बाकीची कारणं डॉक्टर तपासतात. त्यांतल्या बहुतेकांवर उपचार आहेत.

माझं टीटीजी निदानाच्या वेळी मर्यादेच्या दहापट होतं. सहाव्या महिन्यात ते तिप्पट राहिलं आणि चौदाव्या महिन्यात मर्यादेत आलं. हिमोग्लोबिन तोवर ११.९ झालं होतं. सहाव्या महिन्याच्या भेटीला मी वही, सगळ्या गोळ्यांची यादी आणि तीन प्रश्न घेऊन गेले होते : लोह, बी-१२, फोलेट आणि ड जीवनसत्त्व परत कधी तपासायचं, हाडांची घनता मोजायची का, आणि ओट्स सुरू करू का. डॉक्टरांनी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं देऊन वही मागितली आणि एकोणिसाव्या दिवसाच्या पानावर थांबले. लाल गोलांवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, ब्रेड अजून बंद आहे का? मी सांगितलं, दोन आठवड्यांपूर्वी त्या ग्लुटेन-फ्री ब्रेडची एक स्लाइस खाऊन पाहिली, काही झालं नाही. त्यांनी पानाच्या समासात ती तारीख लिहिली आणि ओट्स पुढच्या महिन्यात, असं खाली लिहिलं.